भिलाईचा मधुकर

सेवाग्रामच्या दवाखान्यातून मेटाडोर आली आणि रूपराव ड्रायव्हरच्या बाजूनं खाली उतरले, तेव्हा सिंदीतल्या त्या गल्लीत कोणाला काही विचारावं लागलं नाही. आनंदाबाईनं हातातलं सूप तिथंच ठेवलं. रूपरावांची बायको भागीरथा गेली, ही बातमी घटकाभरात स्टेशनपर्यंत पोचली.

तिला घराच्या पुढच्या सपरीत, पडवीत ठेवलं. बायका आत बसल्या, माणसं बाहेर कडुनिंबाखाली. रूपराव दाराच्या चौकटीशी भिंतीला टेकून बसले. दोन्हीकडचं बोलणं त्यांना ऐकू येत होतं.

"माया प्रेमदास आज माणसात हाये तो या माउलीमुळं," आनंदाबाई सांगत होती. "आणीबाणी उठली त्या सालची गोष्ट. पोट्टा दहावीत होता. म्हणायले दारूबंदीचा जिल्हा, पर जिनिंगच्या मागं मोहाची मिळेच. एक दिवस त्याच्या तोंडाले वास आला. मी जळतनातलं लाकूड उचललं. तर ही धावत आली, हातातलं लाकूड काढून घेतलं. म्हणे, आनंदे, माया मधुकर बी पेत होता. त्याच्या बापानं मारलं, तसा पोट्टा घरातून गेला तो गेलाच. भिलाईले कारखान्यात हाये, पर घरी पाय नाई ठेवत. तू नको मारू. आधी जेवाले वाढ."

"हे तळेगावहून इथं आले, त्याच्या आधीचं का?" कोणीतरी विचारलं.

"आधीचंच. आपण कोणी नाई पाह्यला त्याले. पर तिनं सांगितलं तसं केलं मी. बापाचं ताट पोराच्या ताटाजवळ मांडलं. कोणासंग फिरते, कुठं बसते, ते जेवता जेवता इचारलं. त्याच्या दोस्ताइले घरीच जेवाले बोलावलं. अर्धे तर लाजूनच सुधरले, मेले."

दोघीतिघी हसल्या आणि लगेच पदर सावरून बसल्या.

रूपरावांकडे कोणी बघत नव्हतं. एरवीही बघत नसत. भागीरथेवर जीव टाकणाऱ्या या बायका त्यांना पाणी द्यायचं तर तांब्या हातात न देता समोर ठेवून जात. जिनिंगच्या काट्यावर ते कापूस तोलत, तिथं कास्तकार त्यांच्याशी कापसाचं बोलत, पावसाचं बोलत. लेकराबाळांचं बोलणं मात्र कोणी काढत नसे.

कापडवाले हिरालालजी यांची बायको प्रमिलाबाई म्हणाली, "आमचा मोठा गांजाच्या नादी लागला होता. बदनामीच्या धाकानं मी कोणाला बोललेच नाही. ही दुकानात आली, खण बघता बघता आपल्या मधुकरचंच सांगत बसली. डोळे कसे लाल व्हायचे त्याचे, पुस्तक उलटं धरून कसा अभ्यासाला बसायचा. मला रडूच फुटलं. जिनं हे घरात भोगलं, तिच्यापुढं काय लाजायचं?"

पुस्तक उलटं धरायचा, हे रूपरावांनी आज पहिल्यांदा ऐकलं. त्यांना हसू आलं. त्यांनी दुपट्टा तोंडाशी धरला.

संध्याकाळी ती अशीच कोणाच्या तरी घरून यायची. चुलीपाशी बसून भाकर थापायची आणि सांगायची, "आज चिंधूच्या मायले सांगून आली. पोट्टा ज्या दिवशी खरं बोलते, त्या दिवशी त्याले शिक्षा नाई करायची." रूपराव समोर पाटावर बसून ऐकायचे. तव्यावरची पहिली भाकर त्यांची असायची. कधी मधुकरचं सांगता सांगता तीच डोळे पुसायची. फार चांगल्या होत्या त्या संध्याकाळी.

"रूपराव," बाहेरून सदाशिवराव म्हणाले. गल्लीत तेच सगळ्यांत वडीलधारे. "पोराले तार गेली का?"

प्रेमदास सायकल घेऊन उभाच होता. "काकाजी, मधूभाऊचा भिलाईचा पत्ता सांगा. आत्ता पोस्टात जाऊन येतो. आजच्या गाडीत बसले तर सकाळी येतीन. तवरिक आपण थांबू."

सगळ्यांनी रूपरावांकडे पाहिलं. आतल्या बायकाही दाराकडे वळल्या.

कोपऱ्यात देवकाबाई बसली होती. तिचा मुलगा अजून दारूत मधेच अडकलेला. चार दिवस बरा, पाचव्या दिवशी वास. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी भागीरथा तिला सांगून गेली होती, "माया सुटला ना, मंग तुया बी सुटंल." त्या एका बोलण्यावर बाई दिवस काढत होती. आता ती रूपरावांच्या तोंडाकडे बघत होती.

"तार नको करू," रूपराव म्हणाले. "तो नाई येणार. अग्नी मीच देतो."

"काऊन?" आनंदाबाई उठून दारात आली. "मायचं तोंड तरी पाहू द्या त्याले. आता बी राग धरून राह्यले का? माणूस हाये का गोटा?"

रूपरावांनी आत भागीरथेकडे पाहिलं.

"भाऊजी," देवकाबाईनं हळूच विचारलं, "दारू सुटली ना पर त्याची?"

"सुटली," रूपराव म्हणाले. "कायमची सुटली. चांगला हाये तो."

देवकाबाईनं पदरानं तोंड पुसलं. आनंदाबाई पाठ फिरवून आत गेली. सदाशिवरावांनी बांबू आणायला माणसं पाठवली.

आनंदाबाईच्या हातून लाकूड काढून घेतलं, त्या दिवशी भागीरथा घरी आली ती चुलीपाशी न बसता उभीच राहिली होती. "ऐकलं का," ती म्हणाली होती, "बिनलेकराच्या बाईचं या गोष्टीत कोण ऐकते? म्हणून मी आपल्याले एक पोरगा हाये म्हणून सांगून आली. मार तुमच्या नावावर लावला. चालते ना?" रूपराव चालते म्हणाले होते. मधुकर दिसायला तिच्यावर गेला होता की त्यांच्यावर, एवढं तिला विचारायचं राहून गेलं.