मधूनच व्यालेली केळ

बुनलोमच्या परसातली केळ शेंड्याला न विता बुंध्याच्या मधोमध व्याली आणि सगळं गाव तिच्या दारात लोटलं. असं अघटित काही दिसलं की त्यात लॉटरीचा आकडा दडलेला असतोच. माणसं उदबत्त्या लावत, केळीपुढे लाल सरबताच्या बाटल्या ठेवत, सालीवर पावडर चोळून आकडा शोधत. बुनलोम त्यांच्या मागून झाडत राही. झाडून झाडून तिची कंबर धरली होती.

रविवारी बँकॉकहून तिचा मुलगा विचियन आला. हल्ली तो नववर्षाच्या सणालाही फिरकत नसे. बुनलोमने खराटा टाकला, चिकट भात वाफेवर ठेवला आणि मासा भाजायला घेतला. मग धावतच परसात गेली. विचियन केळीपुढे गुडघे टेकून मोबाइल रोखून बसला होता.

"आई, जरा बाजूला हो ना. फोटोत येतेयस."

ती बाजूला झाली. "भात होतच आलाय रे."

"पुढच्या वेळी. गाडीत सगळे खोळंबलेत."

गाडी गेली. कुंपणापलीकडून शेजारच्या सम्लीने विचारलं, "काय गं, केळ तुझी, तुला काही दिलं का तिनं? का नुसतीच झाडलोट?"

"दिलं की. मागितलं तेवढं दिलं."

"अगं मेले, आणि आम्हाला बोलली नाहीस! कुठला आकडा?"

"आकडा नाही गं." बुनलोमने भाताची टोपली वाफेवरून उतरवली. "पोरगा येऊ दे, म्हटलं होतं. जेवून जाऊ दे, म्हणायचं राहिलं."