गाण्यात बुडवलेला

संकटातून तरलेल्यांचं गाणं अमर होतं. फक्त जोमा कोळ्याने ते होडी बुडत असतानाच रचायला घेतलं.

इंजिन बंद पडलेलं, लाटा आत येत होत्या. चौघेही पाणी उपसत होते. जोमाच्या तिसऱ्या कडव्यात तिघे किनाऱ्याला लागले आणि राघोला दर्याने नेलं. जोमाच्या तोंडचं दर्या ऐकतो, असं कोळीवाड्यात मानत.

राघोचे हात थांबले. "मीच का रे?"

"एक तरी बुडाल्याबिगर गाण्याला रंग चढत नाय. तुझं लगीनपण नाय झालं."

"तांडेल, याला सांगा, नायतर मी उपसत नाय!"

पाणी पोटरीला लागलं. होडीचा म्होरक्या तांडेल ओरडला, "जोमा, वाचव त्याला!"

"मग कोणाला बुडवू?"

आता सगळ्यांचेच हात थांबले. तेवढ्यात होडी वाळूत रुतली. चौघे गुडघाभर पाण्यातून चालत घरी गेले.

कोणीच बुडालं नाही, म्हणून ते गाणं कोणीच गायलं नाही.