बिनमिठाचा पाय

मैदा मळून ओल्या फडक्याखाली झाकला, हात धुतले आणि आचाऱ्याने वळून पाहिलं, तर दारात डॉक्टर उभे.

“मिठाचा डबा कुठाय?”

आचाऱ्याने बोटाने दाखवला. डॉक्टरांनी डबा काखेत मारला आणि स्टूल ओढून बसले. बत्तीस वर्षांच्या नोकरीत या स्वयंपाकघरातून पळवलेल्या बऱ्याच वस्तू आचाऱ्याने पाहिल्या होत्या. डॉक्टरांनी मीठ पळवण्याची ही पहिलीच वेळ.

कारण होते वरच्या मजल्यावरच्या शेवटच्या खोलीतले मास्तर. मास्तरांचं प्रेशर उतरायला तयार नव्हतं. गोळ्या बदलून झाल्या, वाढवून झाल्या. एरवी बरं असे, पण ऐन तारखेच्या सकाळी दंडाला पट्टा बांधला की आकडा वर. अशा तीन तारखा गेल्या. उद्या चौथी. वरच्या साहेबांचा दिवसातून दोनदा फोन येई, आणि तो ठेवल्यावर डॉक्टरांचं स्वतःचं प्रेशर मोजायची कोणाची छाती नव्हती.

“उद्या सहाला मोजणार,” डॉक्टर म्हणाले. “एकशेचाळीसच्या खाली पाहिजे. तो बाहेरगावचा माणूस चौथ्यांदा आलाय. किती वेळा परत पाठवायचा त्याला?”

बाहेरगावचा माणूस आचाऱ्याने कालच पाहिला होता. बोलणं कमी, नखं फार नीट कापलेली. त्याने मास्तरांची उंची आणि वजन वहीत लिहून घेतलं. वजन साडेतीन किलोंनी वाढलेलं पाहून त्याने आचाऱ्याकडे जरा नाराजीने बघितल्यासारखं वाटलं. चहाला नको म्हणून निघून गेला.

साडेतीन किलोंचा आचाऱ्याला मात्र अभिमान होता. मास्तर चवीने खात आणि ताट परत पाठवताना खाली एक कागद ठेवत. त्यावर आचाऱ्याच्या नातीचे अपूर्णांक तपासलेले असत. नात आता अपूर्णांकांना घाबरत नव्हती.

आज मास्तरांनी पाय हा इंग्रजी पदार्थ मागितला होता. कार्यालयातल्या कारकुनाने यादीत ‘शेवटची खोली: पाय’ असं वाचून ‘कोणाचा?’ अशी लेखी विचारणा केली होती. आचाऱ्याने खाली लिहून पाठवलं, ‘बटाट्याचा.’ फाइल पुढे सरकली.

कृती मास्तरांच्या बहिणीची. ती शिवणकाम करायची आणि दर बुधवारी बसने भावाला भेटायला यायची. बाहेरचं खाणं आत चालत नसे, म्हणून तिने मापाच्या चिठ्ठीमागे कृती लिहून दिली. दोघं भावंडं कामावरून दमून आली की पाऊण तासात हा पाय करून खायची म्हणे. चिठ्ठी देताना ती हळूच म्हणाली होती, “दादा, मिठाला हात आखडू नका हं.”

आचाऱ्याने बटाटे कुस्करले. लोण्यात कांदा गुलाबी परतला, मिरपूड टाकली. चीज किसायला घेतलं तसं डॉक्टरांनी ते उचलून खिशात घातलं.

“यातही मीठ असतं.”

सारण तयार झालं. डॉक्टरांनी चमचाभर चाखलं. जुनं वर्तमानपत्र चावल्यासारखा त्यांचा चेहरा झाला.

“उत्तम,” ते म्हणाले.

आचाऱ्याने फडकं काढलं, मैद्याची एक पारी लाटून ताटलीत बसवली, सारण भरलं, वर दुसरी पारी घातली. कडा काट्याने दाबल्या, वाफ जायला मधे दोन चिरा दिल्या, वरून दुधाचा हात फिरवला. कडेची कात्रणंही त्याने पायाशेजारीच ओव्हनमध्ये सरकवली.

मग दोघंही ओव्हनकडे बघत बसले.

“मास्तरांची बहीण काय म्हणते?” डॉक्टरांनी विचारलं.

“वरून कागद यायचाय म्हणते. सोमवारपर्यंत येईल.”

“कागद नेहमी सोमवारीच यायचे असतात.”

“या वेळी खरंच हललाय म्हणते, साहेब. तिने स्वतः जाऊन पाहिला टेबलावर.”

वास सुटला. पाय बाहेर आला तेव्हा छान तांबूस झाला होता. डॉक्टरांनी सहज एक कात्रण उचलून तोंडात टाकलं.

चावता चावता ते थांबले.

त्यांनी काखेतल्या डब्याकडे पाहिलं. मग आचाऱ्याकडे पाहिलं. आचारी ओट्यावरचा एक न पडलेला डाग पुसत होता.

डॉक्टर उठले, माठातून एक पेला पाणी प्यायले. मग आणखी एक.

“आचारीबुवा, मैदा कधी मळलात?”

“तुम्ही यायच्या आधी, साहेब.”

डॉक्टरांनी दाराबाहेर एकदा डोकावून पाहिलं. मग त्यांनी वही काढली आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं, “रात्रीचं जेवण पूर्ण अळणी. स्वतः चव घेतली.”

डबा त्यांनी जागच्या जागी ठेवला. उरलेली कात्रणं गोळा करून पायाच्या शेजारी ताटात मांडली.

“गरम आहे तोवर वर न्या,” ते म्हणाले. “सगळं संपवायला सांगा. तुकडा टाकायचा नाही.”

मास्तरांनी तुकडा टाकला नाही. ताट चाटूनपुसून परत आलं.

सकाळी सहाला आकडा निघाला एकशेशहाऐंशी. डॉक्टरांनी सगळ्यांदेखत पुन्हा मोजला. एकशेनव्वद. वरचे साहेब स्वतः आले होते. ते डॉक्टरांच्या पदवीविषयी बरंच काही बोलले. बाहेरगावच्या माणसाने मुकाट्याने आपली जड पिशवी उचलली आणि पुढची तारीख कळवा म्हणाला.

डॉक्टरांनी छापील अर्ज पुढे ओढला, शेरा लिहायच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात दोन ओळी लिहिल्या आणि खाली सही ठोकली:

‘कैद्याची प्रकृती ठीक नाही. पूर्ण बरा होईपर्यंत त्याला फाशी देता येणार नाही.’