तेलाची वाटी

अमरावतीचा साहेब विलायतेला जाताना चपट्या नाकाचं कुत्र्याचं पिल्लू माळ्याला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, देऊन गेला. आमच्या घरी वलगावला आल्यापासून ते प्यायलेलं दूध बाहेर टाकायचं. तान्ही लेकही तशीच. दोघांच्या फासळ्या दिसू लागल्या. “तुह्या हातालेच गुन नाई,” सासूबाई म्हणायच्या. मी दोघांचं ओकलेलं पुसत राहिले. आज मळ्यातून लवकर परतले. नुकतंच पाजलेलं पिल्लू मांडीवर उताणं दाबून सासूबाई वाटीतलं तेल लावून त्याचं नाक ओढत होत्या. “नकटं हाय बिचारं. सरळ करून राहिली.” “कावून जी, कशाले? त्याले पाहाले पाव्हणे येऊन राहिले?” मी ओरडले. पिल्लू ओकलं. पाळण्यात लेकीचंही नाक तेलकट, लालबुंद. मी वाटी उकिरड्यावर भिरकावली. एका खांद्यावर पिल्लू घेतलं, दुसऱ्यावर लेक. “नकट्यांच्या नाकाले हात लावून त पाहा!” सासूबाई बोलायच्या आधी लेकीनंच ढेकर दिला.