मनातली हजेरी

"मी होतो की, सर. शेवटच्या बाकावर."

"मला दिसला नाहीस."

प्रोफेसर नरसिंहरावांनी मानही वर केली नाही. तत्त्वज्ञानाच्या वर्गात त्यांचं सगळं इंग्रजीत चाले. मराठी चामराजपेटेतल्या घरासाठी आणि झापण्यासाठी राखलेली. पिराजीशी ते नेहमी मराठीतच बोलत.

"वर्षभर काय शिकवलं? तो बिशप काय म्हणतो?"

"वस्तू कुणाला तरी जाणवते, म्हणून असते. कुणालाच जाणवत नाही, ती नसते."

"वा! सिद्धांत पाठ, आणि वर तक्रार?"

टेबलावर हजेरीपट उघडा होता. गेल्या आठवड्यात पिराजीच्या नावापुढे सहा फुल्या. परीक्षेला बसायला नेमके तेच सहा दिवस कमी पडत होते. फॉर्मची मुदत उद्या संपत होती. फॉर्म हुकला की निपाणी आणि काकाची तंबाखूची वखार.

त्या आठवड्यात वर्गावर आले नव्हते ते सरच. जयनगरात त्यांच्या नव्या घराचा स्लॅब घातला जात होता. हजेरी त्यांनी रविवारी घरी बसून भरली, नेहमीसारखी आठवून आठवून. ज्याचा चेहरा मनात आला तो हजर, नाही आला त्याला फुली. मधुकर सहाही दिवस आठवला होता. मधुकरचे वडील सिमेंटची परमिटं देत.

हे सारा वर्ग जाणून होता. पिराजीनं मात्र गुरुवारच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"इथं एकवीस जण हजर आहेत, सर."

"मग?"

"बुधवारी कॉलेज सुटल्यावर वर्गाच्या खोलीत मधमाश्या उठल्या. गुरुवारी दिवसभर कुलूप होतं. प्रिन्सिपॉलांनीच घालायला लावलं."

दारातल्या स्टुलावर मल्लाप्पा शिपाई बसला होता. त्याची डावी पापणी अजून सुजलेली होती. नरसिंहरावांनी ती आज प्रथमच पाहिली.

"काय रे मल्लाप्पा?"

"हौदु सर, होय. किल्ली माझ्याकडंच होती."

नरसिंहरावांच्या हातातला टाक थांबला. "प्रिन्सिपॉलांना ठाऊक आहे?"

"कुलपाचं आहे," पिराजी म्हणाला. "हजेरीचं अजून नाही."

मग नरसिंहरावांनी खणातून दाढीचं जुनं पातं काढलं आणि फुल्या खरवडायला घेतल्या. सोमवार, मंगळवार, बुधवार. हात चिडलेला होता. गुरुवारी कागद इतका पातळ झाला की खालचं पान दिसू लागलं. सहाव्या फुलीवर फुंकर मारून त्यांनी सहाही ठिकाणी 'हजर' लिहिलं.

पिराजीला गप्प बसायचं होतं. पण तोंडातून निघून गेलंच.

"सर, गुरुवारी मी नव्हतो. कुणीच नव्हतं."

नरसिंहरावांनी शाई टिपली, हजेरीपट मिटला, आणि वर्षात पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं.

"आता आहेस."