शिंपिणीचा भागाकार

निवृत्त झालेल्या गणिताच्या बाई पडद्यांचं कापड घेऊन शिंपिणीकडे गेल्या, तर ती त्यांचीच जुनी विद्यार्थिनी निघाली. तिने कापड मोजलं. चारशे बत्तीस इंच. पाच पडद्यांचे दोनशे सत्तर वजा केले, उरलेल्यात आणखी तीन बसवले. "चौपन्न इंची आठ होतील, बाई." बाईंना तिची जुनी वही आठवली. चौथीत हिने भागाकार असाच, वजा करत सोडवला होता, उत्तरही बरोबर होतं. पण फळ्यावरची रीत नव्हती म्हणून बाईंनी लाल फुली मारली, वर्गादेखत सुनावलं, "तुझ्या डोक्यात गणित शिरायचंच नाही." पुन्हा तिने हात वर केला नाही. "तेव्हा तुझं बरोबर होतं गं," बाई कशाबशा म्हणाल्या. "चूक माझी." शिंपीण हसली. "कसलं काय, बाई. गणित आमच्या रक्तातच नाही. लेकीलाही मी तेच सांगते, उगाच डोकं शिणवू नकोस."