पूर्णवेळ विद्यार्थिनी

"म्हणजे मी पुलावर काम केलं, तर मी विद्यार्थिनी नाही?" जॅनेलने विचारलं.

"आमच्या लेखी आहेस गं," खिडकीपलीकडच्या डोरीनबाई म्हणाल्या. "पदवीला हा अनुभव आम्ही धरतोच. पण विमा कंपनीचं एकच पालुपद. पोरगी वर्गात बसते का? विषय किती घेतलेत? विषय नाहीत म्हणजे शिक्षण सुटलं, आणि शिक्षण सुटलं की बापाच्या विम्यातून नाव कमी."

"आणि माझी शिष्यवृत्ती?"

"ती थांबेल. कर्जाचे हप्तेही मागे लागतील काही महिन्यांनी." बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "नियम मी केलेले नाहीत, बाळ. मी नुसती खिडकीत बसते."

पिट्सबर्गला नदीवरच्या जुन्या लोखंडी पुलाची दुरुस्ती निघाली होती आणि अख्ख्या वर्गातून एकट्या जॅनेलची निवड झाली होती. सोमवारी हजर व्हायचं होतं. पण तिच्या पोटात बापाची किडनी होती. ती तिथे टिकावी म्हणून सकाळ-संध्याकाळ गोळ्या होत्या, आणि त्या गोळ्यांचा भार बापाच्या कारखान्याचा विमा उचलत होता. इतर विमा कंपन्यांना तिने फोन करून पाहिले होते. 'किडनी' म्हटलं की पलीकडचा आवाज एकदम नम्र व्हायचा आणि फोन ठेवला जायचा.

"पूलवाले देत नाहीत का विमा?" डोरीनबाईंनी विचारलं.

"शिकाऊ मुलांना नाही देत. नावापुरता एखादा विषय घेतला तर?"

"एकाने भागत नाही. चार लागतात. आणि हजेरी इथे, एरीला."

मागे रांगेतलं कुणीतरी खाकरलं.

बाबाला सांगितलं तर तो काय करेल, हे तिला पुरतं ठाऊक होतं. 'हात्तिच्या, एवढंच ना,' म्हणेल आणि दुसऱ्या दिवसापासून गोळ्यांच्या पैशांसाठी कारखान्यात डबल पाळी मागून घेईल. उरलेल्या एका किडनीवर. गेल्या हिवाळ्यात असाच भट्टीपाशी उभ्या उभ्या कोसळला होता. शुद्धीवर येऊन पहिलं काय बोलला, तर पोरीला कळवू नका.

"कुठले विषय मोकळे आहेत?" तिने विचारलं.

"आता ऐन वेळी काय उरणार?" बाई संगणकाच्या पडद्यावर पाहत म्हणाल्या. "कुंभारकाम आहे. सिनेमातला धर्म. वाइनची ओळख. ती तुला नको. समूहगान... आणि बोलिंग."

"बोलिंग? चेंडू घरंगळत सोडायचा आणि खुंट्या पाडायच्या?"

"तेच."

"त्याने मी विद्यार्थिनी ठरते?"

"पूर्णवेळ," डोरीनबाई म्हणाल्या. हसल्या मात्र नाहीत.

"घाला चारहींत नाव."

बाहेरच्या व्हरांड्यातून तिने पुलाच्या इंजिनिअरला फोन लावला. येता येणार नाही, म्हणाली. कारण सांगायला सुरुवात केली, तर तो म्हणाला, "वाईट वाटलं. पण जागा आजच भरावी लागेल," आणि पुढचं ऐकायला थांबला नाही.

बाबाची गाडी नुकतीच फाटकातून आत येत होती. तिला इथे सोडून तो 'जरा एक काम उरकून येतो' म्हणून गेला होता. गाडी थांबायच्या आधीच बर्नीने, तिच्या बाबाने, खिडकीतून एक खोका बाहेर धरला.

"उघड! बायकांच्या मापाचे ठेवत नाहीत मेले. सगळी दुकानं पालथी घातली."

तिने गाडीत बसून खोका उघडला. आत कामाचे बूट होते. जाड तळव्यांचे, पुढे पोलादी टोपी.

"वरून तुळई पडली तरी बोटं शाबूत राहतील," तो म्हणाला. "झालं ना तुझं काम?"

"बाबा, त्यांनी नाही म्हटलं."

"कुणी? कॉलेजने?"

"पूलवाल्यांनी. दुसऱ्याला घेतलं."

बर्नीने गाडी बंद केली. कारखान्यात, चर्चमध्ये, न्हाव्याकडे, सगळीकडे त्याने पोरीच्या पुलाचं सांगून ठेवलं होतं.

"हरामखोर," तो म्हणाला. मग जरा वेळाने, हळूच, "तू काही बोललीस का त्यांना? तुझं तोंड फटकळ, पोरी. आईवर गेलीयेस."

"बोलले असेन."

"जरा नमतं घ्यावं माणसाने. अशी संधी काय रोज चालून येते?"

"नाही बाबा."

"मग? आता घरी बसणार?"

"नाही. इथेच चार विषय घेतलेत."

"हे बरं केलंस." त्याचा चेहरा थोडा सैल झाला. "अवघड आहेत का?"

"एक जरा जड आहे."

"लक्ष घालून कर. म्हणजे पुढच्या वर्षी तरी घेतील." मग रोजच्या सवयीने त्याने विचारलं, "सकाळच्या गोळ्या घेतल्यास ना?"

"घेतल्या."

बर्नीने तिच्या मांडीवरचा खोका आपल्याकडे ओढला. एक बूट काढून उलटा केला आणि तळव्यावरून अंगठा फिरवला. मग तो पुन्हा कागदात गुंडाळला, होता तसाच नीट.

"दुकानवाले परत घेतील," तो म्हणाला. "माती कुठे लागलीये."